चाकातली फट

"घाबरट माणूस आहे मी. परत एकदा बघतो."

एवढं म्हणून मिस्त्री खाली बसायचे, ॲल्युमिनियमचा डबा उघडायचे, आतलं ओलं फडकं उलगडायचे आणि कणकेची सुपारीएवढी गोळी तोडून घ्यायचे. नवीन गिऱ्हाइकाला वाटायचं, हा माणूस आता जेवायला बसतोय. मलाही पहिल्या दिवशी तसंच वाटलं. "आरामात जेवा, मी नंतर येतो," असं मी म्हणालोसुद्धा. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, गोळीला तेलाचं बोट लावलं, ती ब्रेकच्या लोखंडी अंगावर चिकटवली आणि म्हणाले, "हे चाकाचं जेवण आहे, साहेब."

नाहूर स्टेशनपासून दहा मिनिटांवर पत्र्याच्या गाळ्यांची एक रांग आहे. तिच्यातला शेवटचा गाळा त्यांचा. पाटी नव्हती, मदतनीस नव्हता. काम फक्त ब्रेकचं. कुणी इंजिनाची तक्रार घेऊन आलं तर बोटाने शेजारचा गाळा दाखवायचे. "गाडी चालण्याशी माझं काही देणंघेणं नाही. मला ती थांबण्याशी मतलब." गेल्या वर्षी ते गेले. त्या गाळ्यात आता पाण्याच्या बाटल्यांचं गोडाऊन झालंय.

तुम्हीही कधी ना कधी गॅरेजच्या दारात हात मागे बांधून उभे राहिला असाल. मेकॅनिक लोकांच्या अंगात एक बिनधास्तपणा असतो, तो तुम्ही पाहिला असेल. आपण भीत भीत काही विचारावं आणि त्यांनी बोनेटमधून डोकंही बाहेर न काढता "होऊन जाईल" म्हणावं. आपल्यालाही तेच ऐकायचं असतं. मिस्त्रींच्या तोंडून "होऊन जाईल" मी एकदाही ऐकलं नाही. उपनगरातला सगळ्यात भित्रा मेकॅनिक मला सापडला होता. आणि मला तोच हवा होता, कारण गिऱ्हाईकही त्याच जातकुळीचं होतं.

मी विम्याच्या कचेरीत मोटारींचे क्लेम तपासतो. एकोणतीस वर्षं लोकांच्या अपघातांची वर्णनं वाचतोय. 'सदर वाहन उतारावर असताना' अशी सुरुवात असलेला कागद समोर आला की आजही मी पुढचं वाचण्याआधी चष्मा काढून पुसतो. घरी माझी ख्याती अशी आहे की मी सोसायटीच्या पार्किंगमध्येही सीटबेल्ट लावतो. ही अफवा आहे असं मला म्हणता येत नाही.

अशा माणसाच्या मुलीने काय करावं? सायली गुरांची डॉक्टर झाली. आमच्या घरात कधी मांजर पाळलं नव्हतं. तिला नोकरी लागली घोटीजवळच्या एका दवाखान्यात, म्हणजे कसारा घाट चढून वर. गावोगाव फिरायचं म्हणून गाडी हवी. माझ्या मेव्हण्याने त्याची जुनी छोटी गाडी दिली. सोमवारी पहाटे घाट चढायचा आणि शनिवारी संध्याकाळी उतरायचा, असं तिचं ठरलं. ते माझ्याशिवाय सगळ्यांना मान्य होतं.

पहिल्या शनिवारी तिला सोबत म्हणून मी वर गेलो आणि परत येताना तिच्या शेजारी बसलो. घाट उतरताना मी माझ्या बाजूला नसलेला ब्रेक इतका दाबत होतो की पायात गोळे आले. निम्म्या घाटात पुढे कांद्याचा ट्रक आला आणि तिने खरा ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण थांबायच्या आधी विचार करून थांबली. पायडल खाली खाली गेलं. गाडीत करपल्याचा वास भरला.

"बाबा, घाबरू नका. तापलेत फक्त," सायली म्हणाली.

"मी कुठे घाबरलोय?" मी म्हणालो. माझा एक हात दाराच्या मुठीवर होता आणि दुसरा, मला नंतर कळलं, गिअरवरच्या तिच्या हातावर होता.

कुणीतरी नाहूरच्या गाळ्याचा पत्ता दिला. मिस्त्रींनी चारही चाकं फिरवून पाहिली, सायलीला दहा प्रश्न विचारले, मला एकही नाही. मग म्हणाले, "ब्रेक चांगले आहेत. पण शहराचे आहेत. घाटाला मोठे पाहिजेत. याच कंपनीच्या मोठ्या गाडीची मोठी डिस्क आणि मोठा कॅलिपर पुढच्या दोन चाकांना बसवू."

"मग बसवा ना," मी म्हणालो.

"बसेल हो. चाक बसेल का?"

प्रश्न साधा होता. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी आणि कॅलिपर म्हणजे तिला दोन्ही बाजूंनी धरणारा चिमटा. चिमटा मोठा झाला की तो चाकाच्या पोटात मावला पाहिजे. जुनी चाकं लहान होती, म्हणजे चाकंही मोठी हवीत. मिस्त्री स्वतः कुर्ल्याच्या जुन्या सुट्या भागांच्या बाजारात माझ्याबरोबर आले. तिथे अलॉय चाकांचे ढीग लागलेले असतात. प्रत्येक दुकानदार म्हणत होता, "फिट होणार, गॅरंटी." मिस्त्री मान डोलवायचे आणि पिशवीतून आपला फर्मा काढायचे.

तो फर्मा पाहण्यासारखा होता. आधी मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, कॅलिपरला लावून लावून त्यांनी त्याचा आकार उतरवला होता. मग तोच आकार प्लायवूडमध्ये कापला होता. त्या प्लायवूडला मध्ये झाडूची दांडी. दांडी चाकाच्या मधल्या भोकातून घालायची आणि फर्मा चाकाच्या आत घड्याळाच्या काट्यासारखा गोल फिरवायचा. फर्म्याच्या काठाला ओला गेरू. जिथे टेकेल तिथे चाकाला लाल डाग. सहा दुकानांतल्या चाकांवर आम्ही लाल डाग सोडून आलो. सातव्या दुकानात फर्मा पूर्ण फिरला. काही डाग नाही.

"झकास," मी म्हणालो.

"परत एकदा बघतो," मिस्त्री म्हणाले आणि दुकानदाराने कपाळाला हात लावला.

पण फर्मा म्हणजे नुसती पहिली पायरी. खरी परीक्षा कणकेची. ब्रेक गाडीला बसवल्यावर कॅलिपरवर तीन ठिकाणी तेल लावलेल्या गोळ्या चिकटवायच्या, चाक चढवायचं, नट आवळायचे, चाक हाताने एक फेरी फिरवायचं आणि परत काढायचं. फट जेवढी, तेवढीच जाड कणीक मागे उरते. ती ब्लेडने कापायची आणि जाडी मोजायची. कणीक त्यांची बायको रोज सकाळी चपात्यांच्या पिठातून काढून द्यायची. "आमच्याकडे पहिला गोळा गाडीला," वहिनी म्हणायच्या. "उरलं तर नवऱ्याला."

आमच्या गाडीची फट साडेतीन मिलिमीटर निघाली. मिस्त्रींनी दोन्ही चाकं परत काढली, परत चढवली, परत कणीक कापली. पाच वेळा. पाचव्या वेळी न राहवून मी म्हणालो, "मिस्त्री, चाक तर फिरतंय ना?"

ते थांबले. हात पुसले. ब्लेड कागदात गुंडाळून ठेवलं.

"हेच मी म्हणालो होतो, साहेब. मी बसच्या डेपोत होतो ना ब्रेक खात्यात, तेव्हा सुट्टीच्या दिवशी बाहेरची कामं करायचो. एका दोस्ताच्या टॅक्सीला मोठे ब्रेक बसवले. चाक हाताने फिरवून बघितलं, फिरलं. म्हटलं, फिरतंय ना, मग झालं. रिकाम्या टॅक्सीचं चाक फिरतं हो. तो चार माणसं बसवून पुलावरून उतरला, वळणावर चाकाची रिम जराशी दबली आणि कॅलिपरला टेकली. चाक जाम झालं. टॅक्सी आडवी."

"मग?"

"दोस्त वाचला. पाय गेला."

"काय म्हणाला तो तुम्हाला?"

"तेच तर ना. काहीच नाही म्हणाला. भेटला की चहा पाजतो." मिस्त्री परत गाडीखाली वाकले. "तो चहा मला जात नाही, साहेब."

त्यानंतर मी त्यांना घाई केली नाही.

गाडी देताना त्यांनी दोन्ही पुढच्या चाकांच्या आतल्या अंगाला पांढऱ्या रंगाने लिहिलं, 'आत काही लावू नये'. चाक थरथरू नये म्हणून टायरवाले त्याला शिशाचे तुकडे लावतात, ते त्यांनी बाहेरच्या काठावर लावून घेतले. मी म्हणालो, "जरा दिसतात हो ते." त्यांनी मला विचारलं, "मुलगी देताना चाक बघणार आहेत का?" सायली हसत सुटली. गाडीत केलेला बदल विमा कंपनीला कळवायचा असतो, म्हणून मी रीतसर अर्ज केला. तो फिरत फिरत माझ्याच टेबलावर आला. मी तो तीन दिवस तपासला.

चार महिने सायली घाट चढली, उतरली. गाडी ती म्हणेल तिथे थांबायची. माझा शनिवार जरा बरा जायला लागला. दर महिन्याला मिस्त्री चाकं काढून बघायचे आणि मी सोबतीला उभा राहायचो. दोन भित्री माणसं एका चाकाकडे टक लावून बघताहेत, हे पाहून शेजारच्या गाळ्यातले लोक विचारायचे, "कोण गेलं काय?"

मग एका रविवारी सायली म्हणाली, "स्टिअरिंग थरथरतंय. बहुतेक खड्ड्यात शिसं पडलं." मी गाडी घेऊन नाहूरला गेलो. शटर बंद. शेजारच्या गाळ्यातला म्हणाला, "चार दिवस आले नाहीत." फोन केला, लागला नाही. सोमवारी पहाटे तिला निघायचं होतं.

आता माझं शहाणपण बघा. मी मुलुंडमधल्या एका चकचकीत टायरच्या दुकानात गेलो. काचेचं दार, गार हवा, पडद्यावर आकडे. तिथल्या टायरवाल्याने दोन्ही चाकं मशीनवर फिरवली आणि म्हणाला, "बाहेरचं शिसं काढून टाकू ना, सर? अलॉयची शोभा जाते. आतून शिशाची पट्टी चिकटवतो, कुणाला दिसणार नाही."

"हो हो, आतूनच लावा," मी म्हणालो. एकोणतीस वर्षं अपघाताचे कागद वाचणारा माणूस शोभेला भुलला.

बिल देताना तो सहज म्हणाला, "आत काहीतरी लिहिलेलं होतं, सर. थिनरने पुसलं. रंगावर पट्टी चिकटत नाही ना."

मी ऐकलं. "बरं" म्हणालो. कॉफी मशीनची होती आणि फुकट होती, ती प्यायलो.

सोमवारी सायली गेली. पोचल्याचा मेसेज आला, 'मस्त चालतेय, थरथर बंद.'

शनिवारी कळलं की मिस्त्री हॉस्पिटलात आहेत. छातीत दुखलं म्हणून आणलं होतं. भेटायची वेळ चार ते सहा. मी चारला पोचलो. खिडकीशेजारची खाट. हाताला सुई, चेहरा उतरलेला. वहिनी स्टुलावर बसल्या होत्या. त्यांनी मला दारातच हळू आवाजात सांगितलं, "यांना कसलीही काळजी द्यायची नाही, असं डॉक्टर बोललेत."

"मी कशाला काळजी देईन?" मी म्हणालो.

मला बघून मिस्त्रींनी पहिलं विचारलं, "गाडी?"

"गाडी एकदम मस्त," मी म्हणालो. काळजी द्यायची नव्हती ना. "थोडी थरथरत होती, तर मी बॅलन्सिंग करून घेतलं. आता लोण्यासारखी चालते."

वहिनींनी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"शिसं कुठे लावलं?" त्यांनी विचारलं.

त्या क्षणी मला ते काचेचं दार दिसलं. थिनरचा वास आला. विमा कंपनीत इतकी वर्षं काढूनही मला चेहरा लपवता येत नाही.

"आत," ते म्हणाले.

"तुम्ही लिहिलं होतं ते त्याने पुसलं. मला सांगितलंही त्याने. मी…"

"पट्टी तीन मिलिमीटरची तरी असते." ते माझ्याशी बोलत नव्हते. अंगठा आणि बोट एकमेकांजवळ धरून त्यामधल्या फटीकडे बघत होते. "फट साडेतीन. म्हणजे अर्धा उरला. सोमवारी घाट चढली, ब्रेक लागला नाही, चाक गार. काही झालं नाही. आता उतरणार. ब्रेक तापणार, चाक तापणार, पट्टीचा गोंद मऊ होणार. टोक उचलणार. मग एक तर पट्टी उडून जाईल…"

"नाहीतर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. 'नाहीतर' काय, ते त्यांचं एकदा सांगून झालं होतं.

मी सायलीला फोन लावला. वाजत राहिला. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. गाडी चालवताना फोन पिशवीत आणि पिशवी मागच्या सीटवर, हा नियम कुणी केला होता? मीच. तिने तो पाळला, याचा मला किती अभिमान होता. मग दवाखान्यात लावला. शिपाई म्हणाला, "मॅडम ना? आत्ताच गेल्या की. पाच मिन्टं झाली असतील."

घड्याळात चार वीस झाले होते.

"घाटाच्या तोंडाशी यायला अर्धा तास," मिस्त्री म्हणाले. "उतरायला तेवढाच. सव्वापाच." आणि ते उठायला लागले. सुईची नळी ताणली गेली. वहिनी धावल्या. "अहो, कुठे निघालात? कपडे तरी आहेत का अंगावर धड?" त्या ओरडल्या, आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. आम्ही दोघांनी त्यांना परत उशीला टेकवलं. त्यांच्या छातीची धडधड सदऱ्यावरून मला दिसत होती, किंवा मला तसं वाटलं. त्या तासात मला ठरवता येत नव्हतं की फोनकडे बघू की त्यांच्या चेहऱ्याकडे. दोन्हीकडून वाईट बातमी येऊ शकत होती आणि दोन्ही माझ्याच हातची होती.

मी स्टुलावर बसलो. ओठ हलत असावेत, कारण मिस्त्री डोळे मिटूनच म्हणाले, "साहेब, डोक्यात क्लेम लिहू नका."

मी लिहितच होतो. 'सदर वाहन उतारावर असताना'पर्यंत आलो होतो.

"माझीच चूक आहे, मिस्त्री," मी म्हणालो.

"रंगाने लिहायला नको होतं. खिळ्याने कोरायला पाहिजे होतं. माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं की रंग पुसतात." त्यांनी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

पाच वाजले. सव्वापाच झाले. सव्वापाच उलटून गेले. शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी विचारलं, "कोण यायचंय का?" वहिनी म्हणाल्या, "यांची मुलगी घाट उतरतेय." वॉर्डात कुजबुज फिरली. समोरच्या खाटेवरची मंडळी संत्रं सोलायची थांबली.

पाच अठ्ठावीसला फोन वाजला. माझ्या हातातून तो खाटेवर पडला आणि वहिनींनी उचलून दिला.

"बाबा? इतके कॉल कशाला केलेत? बरं ऐका, शेवटच्या वळणाला पुढच्या डाव्या चाकात कटकट कटकट वाजलं आणि काहीतरी फट्कन उडालं. घाट संपल्यावर एका ढाब्यापाशी बाजूला घेतलीय. बरी आहे मी. चाक एक मिनिट जड वाटलं फक्त."

मिस्त्रींनी हात पुढे केला. मी फोन स्पीकरवर टाकून त्यांच्या हातात दिला.

"पोरी, मी बोलतोय. रस्त्याच्या बाजूला उभी राहू नको. दुसऱ्या बाजूने उतर. हँडब्रेक ओढ. मागच्या चाकाला दगड लाव."

"लावलाय, काका. बाबांनी सकाळी सांगितलं, तुम्ही हॉस्पिटलात आहात ना?"

"ते राहू दे. टॉर्च लाव मोबाइलचा. चाकाच्या दांड्यांतून आत बघ. चंदेरी पट्टी दिसते?"

"डावीकडे नाहीये. नुसती चकाकती रेघ आहे. थांबा, उजवीकडे बघते." तिचा श्वास ऐकू येत होता. "उजवीकडे आहे. पण एक टोक उचललंय, काका. तुटलेल्या चपलेसारखं."

मिस्त्रींचे डोळे मिटले आणि उघडले. आणखी दोन वळणं असती, तर ते उजवं टोक काय करणार होतं, हे वॉर्डात फक्त आम्हा दोघांना माहीत होतं.

"तुझ्याकडे लांब चिमटा आहे? गुरांचा?"

"आहे की. जखमेतला टाका काढायचा."

"त्याने पट्टी धर आणि ओढ. हळू. तुकडा आत पडू देऊ नको."

आम्ही ऐकत राहिलो. ट्रक जात होते. ढाब्यावर कुणीतरी कुणालातरी चहाची ऑर्डर ओरडून सांगत होतं. मग सायली म्हणाली, "निघाली. अख्खी." समोरच्या खाटेवरून कुणीतरी "वा" म्हणालं.

"अजून नाही," मिस्त्री म्हणाले. "डाव्यात तुकडा राहिला असेल, तर ब्रेक धरून ठेवलेला असेल. चाक तापलेलं असेल. पण आत्ता सगळीच चाकं तापलीत, कळणार नाही. पंधरा मिनिटं थांब. चहा पी. मग शंभर पावलं पुढे घे, थांबव आणि सांग. फोन बंद करू नको."

वॉर्डातली घंटा वाजली. सिस्टर आल्या, "चला, वेळ संपली, नातेवाइकांनी बाहेर. आणि पेशंटच्या हातात फोन कुणी दिला?" वहिनी त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या आणि एवढंच म्हणाल्या, "सिस्टर, हे त्यांचं काम चाललंय." मला वाटलं आता दोघींचं वाजणार. सिस्टरांनी मिस्त्रींची नाडी धरली, मोजली, तोंड वाकडं केलं आणि तशाच मनगट धरून उभ्या राहिल्या. त्या वॉर्डातून मिस्त्री घरी गेलेच नाहीत. पण ते चार दिवसांनंतरचं. त्या संध्याकाळी ते कामावर होते.

परत तिचा आवाज आला. "काका, शंभर पावलं घेतली. थांबली बरोबर. आवाज नाही."

"आता डाव्या चाकापाशी बस. आधी हाताची पाठ जवळ ने. चटका लागतोय?"

"नाही. गरम आहे, पण चटका नाही."

"मग तळवा ठेव, मधोमध. आणि मोज. मोठ्याने. सहन झालं नाही की लगेच काढ. दहापर्यंत राहिला, तर आत काही नाही."

"एक," सायली म्हणाली. "दोन."

मिस्त्रींनी माझं मनगट पकडलं होतं, सुई लावलेल्या हाताने. तो हात बर्फासारखा गार होता.

"तीन. चार. पाच."

मध्ये ट्रकचा आवाज आला आणि ती ऐकू येईनाशी झाली. माझ्या आयुष्यात इतका लांब ट्रक गेलेला नाही.

"…सात. आठ."

समोरच्या खाटेवरचे लोक ओठ हलवत होते. आजोबा बोटांवर मोजत होते.

"नऊ. दहा. काका, दहा झाले. काढू हात?"

माझ्या मनगटावरची मिस्त्रींची पकड घट्ट झाली.

"अजून पाच मोज, बेटा," ते म्हणाले.

तिने वाद घातला नाही, ती हसली नाही, का म्हणून विचारलं नाही.

"अकरा," सायली म्हणाली.